द डार्क नाइट राइजेस : शेवट गंडलाय की मधले पाच महिने?

गारवेल

ज्यांनी अजून पाहिला नाही त्यांनी इथूनच परत फिरा, धाग्यात सगळं फोडलेलं आहे. सिनेमा २०१२चा आहे, आता स्पॉयलरची तक्रार ऐकून घेतली जाणार नाही.

परवा पुन्हा लावला. दिग्दर्शक नोलनच्या तिन्ही बॅटमनपटांत लोक सगळ्यात जास्त भांडतात ते याच्यावरून, आणि भांडण दरवेळी फ्लॉरेन्सच्या त्या कॅफेत येऊन अडकतं. बॉम्ब शहराबाहेर नेताना मेला असं मानलेला ब्रूस वेन, म्हणजेच बॅटमन, शेवटी तिथे त्याच्या म्हाताऱ्या बटलरला, आल्फ्रेडला दिसतो. तो खरंच जिवंत आहे की आल्फ्रेडला भास झाला? मला विचाराल तर यात वाद घालण्यासारखं काही नाही. आधी ब्रूसच्या कंपनीतल्या फॉक्सला कळतं की उडत्या 'बॅट'चं ऑटोपायलट सहा महिन्यांपूर्वीच दुरुस्त झालंय आणि दुरुस्ती करणाऱ्याचं नाव ब्रूस वेन आहे. वेन घराण्याच्या चीजवस्तूंतून मोत्यांचा हार गायब आहे. पोलीस आयुक्त गॉर्डनला गच्चीवर फुटलेल्या बॅट-सिग्नलच्या जागी नवा धडधाकट सिग्नल दिसतो. या तिन्ही गोष्टी आल्फ्रेडच्या डोक्याबाहेर घडतात. भास असता तर फॉक्सचा प्रसंग ठेवायची गरजच काय होती? दोन वर्षं आधीच्या इन्सेप्शनमधल्या शेवटी फिरत राहणाऱ्या त्या भोवऱ्यामुळे लोकांना नोलनच्या प्रत्येक शेवटात स्वप्न शोधायची सवय लागली, एवढंच.

माझी तक्रार दुसरीच आहे. हा शेवट पाहताना डोळ्यांत पाणी यायला हवं होतं आणि येत नाही, कारण त्याआधीचे शहराच्या वेढ्याचे पाच महिने सिनेमाने उरकून टाकलेत.

पहिला पाऊण तास बॅटमन पोशाखात दिसतच नाही. त्याला माझी अजिबात हरकत नाही, उलट तो भाग मला फार आवडतो. सरकारी वकील हार्वी डेंट जाऊन आठ वर्षं झालीत, ब्रूस काठी टेकत हवेलीत फिरतोय, गुडघ्यातली कूर्चा संपलीय असं डॉक्टर तोंडावर सांगतोय. सगळं निवांत चाललंय. मग दहशतवादी बेन त्याची पाठ मोडतो आणि इथून जी गाडी सुटते ती थांबतच नाही. विहिरीसारख्या खोल तुरुंगात टाकला, कोणीतरी गुद्दा घालून मणका जागेवर बसवला, दोराला टांगला, जोर काढले, दोनदा पडला, तिसऱ्यांदा दोर न बांधता उडी मारून वर आला. तिकडे गॉथम शहराचे पूल उडवलेले, तीन हजार पोलीस जमिनीखाली कोंडलेले, क्रेन नावाचा जुना गुन्हेगार न्यायाधीशाच्या खुर्चीवर बसून लोकांना गोठलेल्या नदीवर पाठवतोय. एवढा मोठा वेढा! आणि काळ गेलाय हे आपल्याला कळतं ते फक्त रस्त्यावर बर्फ पडलेलं दिसतं म्हणून.

ज्या शहरासाठी तो मरायला निघालाय ते शहर मी नीट पाहिलंच नाही, मग त्याच्या मरणाचं मला काय वाटणार?

---

पक्का_सदाशिव

बाकी सगळं सोडा. तो विहिरीतून बाहेर येतो तेव्हा मागे मेहरानगड दिसतो, म्हणजे स्वारी जोधपूरला. खिशात दमडी नाही, कंपनी बुडालेली, पाठ नुकतीच जुळलेली. पुढच्या दृश्यात गॉथममध्ये हजर, तेही शहराच्या चारी बाजूंनी नाकाबंदी असताना. तत्काळमध्ये तिकीट मिळालं म्हणायचं का?

---

उंडगा

@पक्का_सदाशिव लोल. पण तो बॅटमन आहे भावा. पहिल्या भागात सात वर्षं जगभर फुकट भटकला होता, तेव्हा नाही विचारलंत.

@गारवेल, लेख आवडला पण सपशेल असहमत. मला तर तो वेग हवाच होता. संगीतकार हान्स झिमरचे ते ढोल आणि कैद्यांचा घोष सुरू झाला की पुढची वीस मिनिटं मी खुर्चीच्या टोकाला असतो. विहिरीतली तिसरी उडी, वटवाघळांचा थवा भिंतीतून बाहेर येतो तो क्षण... थेटरात लोक उभे राहिले होते. संथ हवं असेल तर मग सुपरहिरोचे सिनेमे कशाला बघायचे?

---

तिसरी_घंटा

वेग आणि लय वेगळ्या असतात हो. मी संकलनाच्या धंद्यात आहे (जाहिराती, सिनेमे नव्हेत, त्यामुळे मत हलकेच घ्या), तर माझे दोन पैसे.

या सिनेमात प्रसंग संपायच्या आत पुढच्या प्रसंगाचा संवाद सुरू होतो. एक माणूस बोलायला लागतो, त्याच्या आवाजावर चार ठिकाणची चित्रं फिरतात, आणि खाली संगीत थांबतच नाही. त्यामुळे दोन तास पंचेचाळीस मिनिटांचा सिनेमा चक्क ट्रेलरसारखा पळतो. कंटाळा येत नाही हे खरंय. पण कोणत्याही प्रसंगाला श्वास घ्यायला जागा उरत नाही.

याचं सगळ्यात ठळक उदाहरण म्हणजे शेअर बाजारावरचा हल्ला. भरदिवसा बेनची माणसं आत शिरतात. प्रोग्रॅम पूर्ण व्हायला आठ मिनिटं लागणार असं सांगितलं जातं. ओलिसांना घेऊन मोटरसायकली बाहेर पडतात तेव्हा लख्ख उजेड आहे, पाठलाग बोगद्यात शिरतो आणि बाहेर येईपर्यंत मिट्ट काळोख! बॅटमनच्या पुनरागमनाला अंधार हवा होता म्हणून सूर्य ढकलून दिला. पहिल्यांदा पाहताना आपल्याला हे जाणवत नाही, हे कसब मी मान्य करतो. पण जो माणूस आठ मिनिटांत संध्याकाळ उरकू शकतो तो पाच महिनेही तसेच उरकतो.

गंमत म्हणजे संकलक तोच ली स्मिथ, ज्याला पुढे डंकर्कसाठी ऑस्कर मिळालं. त्यात एक आठवडा, एक दिवस आणि एक तास असे तीन काळ एकमेकांत गुंफलेत, आणि ते सुरुवातीलाच पडद्यावर लिहून सांगितलंय. म्हणजे काळाशी खेळणं या मंडळींना जमतं. इथे खेळायचंच नव्हतं, फक्त पुढे जायचं होतं.

---

गारवेल

@तिसरी_घंटा, दिवस-रात्रीचं अगदी नेमकं पकडलंत. मला जे म्हणायचं होतं ते हेच.

@उंडगा, थेटरात लोक उभे राहिले हे कबूल. ती उडी एकटी म्हणून भारीच आहे.

---

मीनल_तीननद्या

मी त्या वर्षी पिट्सबर्गला शिकत होते. जुलै-ऑगस्ट २०११मध्ये तिथे शूटिंग चालू होतं आणि गावात दुसरा विषयच नव्हता. स्टेडियमचा जो प्रसंग आहे तो हाइन्झ फील्डवर ऑगस्टमध्ये चित्रित केलाय. सिनेमात थंडीचे दिवस आहेत, त्यामुळे हजारो लोक भर उन्हाळ्यात जाड जाकिटं, कानटोप्या आणि मफलर घालून प्रेक्षागारात बसलेले. काळे-पिवळे कपडे, कारण गॉथम रोग्ज या काल्पनिक संघाचे रंग तेच, आणि गावच्या स्टीलर्स या फुटबॉल संघाचेही तेच, त्यामुळे बऱ्याच जणांनी घरचेच कपडे आणले होते. माझ्या खोलीतली मैत्रीण गेली होती. ती परत आली तेव्हा मफलर पिळून निघत होता आणि तिला प्रश्न एकच पडलेला : "मी दिसेन का?" नाही दिसली. शेवटी धावतो तो खेळाडू हाइन्स वॉर्ड, तो खरोखरचा स्टीलर्सचा.

मुद्द्याचं सांगते. तो प्रसंग मला अख्ख्या सिनेमात सगळ्यात चांगला वाटतो, आणि तो का चालतो बघा. एक लहान मुलगा राष्ट्रगीत म्हणतोय, संगीत बंद, बेन आत वाट बघत उभा राहून ऐकतोय. त्याला घाई नाही. मग चेंडू घेऊन माणूस धावतो, त्याच्या मागे मैदान खचत जातं आणि त्याला ते कळतच नाही. वळून बघतो तेव्हा कळतं. म्हणजे थांबलं की परिणाम होतो हे नोलनला माहीत होतं. स्टेडियमनंतर तो थांबायचंच विसरला.

---

पक्का_सदाशिव

मफलर पिळला, हे भारी. वाचताना मलाच घाम फुटला.

---

कॉमिकवाला

धागा चांगला रंगलाय, पण मूळ कारणावर कोणी आलं नाही म्हणून लिहितो. नोलनने दोन अवाढव्य कॉमिक कथा एकाच पोत्यात कोंबल्यात.

पहिली नाइटफॉल, १९९३ची. बेन आधी अर्खम या वेड्या गुन्हेगारांच्या इस्पितळातले सगळे गुन्हेगार मोकळे सोडतो, बॅटमन त्यांना एकेक करून पकडताना थकून जातो, आणि पार गळपटलेला असताना बेन त्याच्या घरी येऊन पाठ मोडतो. ते अंक क्रमांक ४९७मध्ये घडतं. नंतर दुसराच माणूस बॅटमन होतो, तो हाताबाहेर जातो, ब्रूसला बरं व्हायला प्रदीर्घ काळ लागतो. वाचकांनी महिनोन्महिने वाट पाहिली. दुसरी नो मॅन्स लँड, १९९९ची. भूकंपानंतर सरकार गॉथमला वाऱ्यावर सोडतं, पूल तोडतं, आत राहिलेल्यांचं वर्षभर काय होतं त्याची कथा. टोळ्यांनी भाग वाटून घेतलेत, खायला-प्यायला नाही, भिंतींवर कोणाची हद्द ते रंगवलेलं.

दोन्हींचा जीव कशात आहे? लांबीत! पाठ मोडल्याचं दुःख तो बरेच दिवस परत येत नाही म्हणून होतं. शहर तुटल्याची भीती आठवडे सरतात तशी वाढते. त्यातली चित्रं उचलली आणि लांबी गाळली तर जे उरतं ते गारवेल यांनी वर लिहिलंच आहे. शिवाय म्हातारा बॅटमन निवृत्तीतून परत येतो ही कल्पना फ्रँक मिलरच्या १९८६च्या द डार्क नाइट रिटर्न्सची. म्हणजे खरं तर तीन.

---

तिसरी_घंटा

+१. याचे दोन सिनेमे व्हायला हवे होते, पहिला पाठ मोडल्यावर संपवायचा. फुटलेला मुखवटा, कट.

---

उंडगा

आमच्याकडे झाला होता की! थेटरवाल्याने इंटरव्हल बरोबर तिथेच टाकलं. बेन मुखवटा फेकतो आणि दिवे लागले. बाजूचा काका म्हणाला, "मेला वाटतं." पॉपकॉर्नच्या रांगेत सगळे चिडीचूप. आयुष्यातलं सर्वोत्तम इंटरव्हल.

---

मीनल_तीननद्या

कसले नशीबवान! अमेरिकेत मध्यांतर नसतंच. सलग बसून पाहिला, आणि पाठ मोडल्याचा धक्का बसायच्या आत विहीर आली.

---

पक्का_सदाशिव

आमच्याकडे मैदान खचतानाच्या ऐन मध्यावर कापला होता. तो वॉर्ड धावतोय आणि "मध्यांतर". त्या मशिनवाल्याला बेनच्या ताब्यात द्यायला हवं होतं.

---

सुलभा_र

मी इथे एरवी पाककृती आणि बागकामाच्या धाग्यांवर असते. हा सिनेमा मुलाने बसवून दाखवला होता, त्यामुळे कॉमिक वगैरे मला काही कळत नाही. पण तुम्ही सगळे शहर, पाठ आणि ऑटोपायलट यांतच अडकलात आणि आल्फ्रेडचं कोणीच बोलत नाही याचं नवल वाटलं.

त्याने त्या मुलाला आईबाप गेल्यापासून वाढवलंय. तो सांगतो की तू सात वर्षं नव्हतास तेव्हा मी दरवर्षी सुट्टीत फ्लॉरेन्सला जायचो, नदीकाठी एका कॅफेत फर्नेट ब्रांका घेऊन बसायचो आणि वाटायचं की समोरच्या टेबलावर तू दिसशील, बायको असेल, कदाचित मुलंही. आपण एकमेकांशी बोलणार नाही. पण मला कळेल की तुझं बरं चाललंय. मायकेल केनने हे इतकं साधेपणाने म्हटलंय की मी मुलाला रिमोट ठेवायला लावला. नंतर तो ब्रूसच्या मेलेल्या मैत्रिणीच्या, रेचलच्या पत्राबद्दलचं खरं सांगतो, ब्रूस त्याला कोरडेपणाने वाटेला लावतो, आणि म्हातारा सिनेमातून जवळजवळ दीड तास गायब!

आणि परत येतो तो कुठे? थोरल्या वेन पतिपत्नींच्या थडग्यापाशी. मी तुमच्या मुलाला सांभाळू शकलो नाही म्हणून ढसाढसा रडतो. ब्रूस जिवंत आहे ना? मग या माणसाला का रडू दिलं? एक फोन? एक चिठ्ठी? गॉर्डनसाठी दिवा दुरुस्त करून ठेवायला वेळ होता, ब्लेक या तरुण पोलिसाला पिशवी पाठवायला वेळ होता. शेवट गोड आहे म्हणतात. मला तर रागच आला.

---

गारवेल

@सुलभा_र, हे मी असं कधी पाहिलंच नव्हतं. म्हणजे शेवटी जी किंमत मोजली जाते ती आल्फ्रेड मोजतो, ब्रूस नाही.

---

उंडगा

काकू, पण त्याला मेलेलंच राहायचं होतं ना. कोणालाही कळलं की ते फुटणार. शिवाय आल्फ्रेडनेच म्हटलं होतं की बोलायचं नाही, फक्त दिसायचं. त्याने बरोब्बर तेच केलं. मान हलवली, संपलं. मला वाटतं यापेक्षा चांगली परतफेड नाही.

---

सुलभा_र

परतफेड ठीक आहे रे बाळा, पण मधले महिने म्हाताऱ्याने कसे काढले असतील? ते सिनेमात कुठे आहे?

---

तिसरी_घंटा

घ्या! सुलभाताईंनी एका वाक्यात गारवेल यांचा धागा जिंकून दिला. इथेही मधले महिनेच गायब.

रच्याकने, एक तांत्रिक गोष्ट. आल्फ्रेड ती फ्लॉरेन्सची हकीकत सांगतो तेव्हा पडद्यावर कॅफे दिसतं, तो मान वर करून बघतो आणि समोर भलतंच जोडपं असतं. शेवटच्या प्रसंगाची चौकट जवळजवळ तीच आहे, या वेळी मात्र समोर ब्रूस. म्हणजे शेवटाची पेरणी पहिल्या तासातच केलेली आहे. शेवट ऐनवेळी चिकटवलाय असं म्हणणाऱ्यांनी हे बघावं.

---

अडाणी_वाचक

उशिरा आलो. माझा राग अंत्यविधीच्या प्रसंगावर आहे. गॉर्डन थडग्यापाशी जे वाचतो तो डिकन्सच्या अ टेल ऑफ टू सिटीजचा (१८५९) शेवट आहे. सिडनी कार्टन दुसऱ्याच्या जागी गिलोटिनखाली जातो, त्याचे शेवटचे विचार. पटकथेवर त्या कादंबरीची छाया आहे हे नोलनबंधूंनी लपवलेलं नाही. क्रेनचं न्यायालय म्हणजे सरळसरळ फ्रेंच राज्यक्रांतीतलं न्यायालय, आणि उद्योगपती डॅगेटच्या माणसाचं नाव स्ट्रायव्हर तेही तिथलंच.

पण कार्टन मरतो हो! खराखुरा मरतो. त्याच्या ओळी अशा माणसाच्या थडग्यावर वाचायच्या जो दोन मिनिटांनी इटलीत कॉफी पिताना दाखवायचा आहे, ही उधारीवर मिळवलेली हळहळ झाली. एक तर मारा, नाहीतर त्या ओळी वाचू नका.

शिवाय स्फोटाच्या अगदी शेवटच्या क्षणांत त्याचा चेहरा आपल्याला दाखवतात. बॉम्बचा पल्ला सहा मैल. ऑटोपायलट होतं तर हा माणूस उतरला कधी आणि पोहला किती?

---

कॉमिकवाला

उतरण्याबद्दल : उडताना वाटेत तो एका इमारतीचा कोपरा उडवून देतो, धूर होतो, त्याच आडोशाला बाहेर पडला असं बरेच चाहते मानतात. मग नंतरचा चेहरा दिसतो तो कसा, याला त्यांच्याकडेही उत्तर नाही. माझ्या मते ती सरळ लबाडी आहे, प्रेक्षकाला फसवायला टाकलेला शॉट.

कार्टनबद्दल मात्र थोडं थांबा. कादंबरीत दोन माणसं दिसायला सारखी आहेत, एक मरतो म्हणून दुसरा संसार करू शकतो. इथे ती दोन माणसं एकाच अंगात आहेत. बॅटमन मरतो म्हणून ब्रूस कॅफेत बसू शकतो. गॉथमने पुतळा उभारला तो कोणाचा? बॅटमनचा. ब्रूसच्या थडग्यावर माणसं किती? चार. मला तर त्या ओळी बरोबर जागी वाटतात.

---

अडाणी_वाचक

हं. हे सुचलं नव्हतं. तरी तो चेहरा खटकतोच.

---

पक्का_सदाशिव

आणि खरी सूत्रधार निघालेल्या तालियाच्या मरण्यावर कोणी बोलणार आहे का? एवढी गुणी अभिनेत्री मारियन कोतियार, आणि ट्रकमध्ये डोळे मिटून मान टाकते ती शाळेच्या स्नेहसंमेलनात टाकतात तशी. त्याआधी बेनचं तर अजून वाईट. दोन तास ज्याची दहशत, त्याला चोरटी सेलिना बाइकवरच्या तोफेने एका झटक्यात उडवते आणि वर विनोद मारते. पाठमोड्या बेन पाच सेकंदांत निकालात! खरा खलनायक तो नव्हताच, हे कळल्यावर पटकथेला त्याच्यात रस उरला नाही.

---

मीनल_तीननद्या

पाच महिने जमिनीखाली राहिलेले पोलीस दाढी केलेले आणि गणवेश घातलेले बाहेर येतात, हेही त्याच यादीत घाला.

पण मला शहराबद्दल गारवेल यांचं जास्त पटतं. बेन म्हणतो शहर लोकांच्या हवाली केलं. लोक कुठे आहेत? श्रीमंतांना घरातून ओढून काढताना एक झलक, बाकी भाडोत्री सैनिक आणि पोलीस. सामान्य माणूस बेनच्या बाजूने गेला का, घाबरला का, रेशन कुठून आणत होता? शूटिंग चाललं होतं तेव्हाच न्यूयॉर्कमध्ये वॉल स्ट्रीटवरचं आंदोलन सुरू झालं, त्यामुळे सिनेमा आला तेव्हा सगळे त्याचं राजकारण शोधत बसले. राजकारण असायला आधी माणसं लागतात.

---

गारवेल

तेच. पहिल्या भागात नॅरोज ही गरिबांची वस्ती होती, दुसऱ्यात दोन बोटींवरची माणसं होती. त्या बोटीवरचा तो धिप्पाड कैदी रिमोट खिडकीबाहेर फेकतो, त्याचं नावही आपल्याला माहीत नाही, तरी तो लक्षात राहिला. तिसऱ्या भागात असा एक माणूस दाखवा.

---

उंडगा

बोटीवरचा कैदी मान्य. तिसऱ्यात... तो अनाथाश्रमातला मुलगा? ब्लेकबरोबर बसमध्ये असतो तो?

---

तिसरी_घंटा

त्याला संवाद किती आहेत? 😀

आणि मंडळी, इतका वेळ सगळे कॅफेलाच शेवट म्हणताय. शेवटचा शॉट कॅफेचा नाहीये. ब्लेक दोरावरून धबधब्यातून बॅटमनच्या गुहेत शिरतो, अंधारात वटवाघळं उडतात, तो पाण्यात उभा राहतो आणि पायाखालचा चौथरा त्याला घेऊन वर यायला लागतो. मग नाव. सिनेमाच्या नावातलं उठणं त्याचं आहे. कॅफेवर इतकं भांडण झालं की बिचाऱ्याकडे कोणाचं लक्षच गेलं नाही.

---

पक्का_सदाशिव

लक्ष गेलं होतं. कारकून बाई ब्लेकचं खरं नाव "रॉबिन" म्हणाली तेव्हा आमच्या मागच्या रांगेने जी शिट्टी मारली त्यात पुढचं काही ऐकूच आलं नाही.

---

कॉमिकवाला

तो "रॉबिन" म्हणजे माझ्यासारख्यांना घातलेली भीक आहे. कॉमिकमध्ये रॉबिन म्हणजे बॅटमनचा साथीदार, तो ग्रेसन आहे, टॉड आहे, ड्रेक आहे, जॉन ब्लेक नावाचा कोणी नाही. पण ब्लेकला मी दोष देणार नाही, उलट वेढ्यातले सगळे प्रसंग ब्लेक झालेल्या जोसेफ गॉर्डन-लेविटनेच ओढलेत. त्याच्या डोळ्यांनी पाच महिने दाखवले असते, सकाळी बर्फातून निघून मुलांसाठी खायला शोधणारा, रात्री बोगद्याच्या झरोक्याशी पोलिसांशी बोलणारा, तर शेवटी त्या चौथऱ्यावर तो उभा राहिल्यावर अंगावर काटा आला असता.

---

सुलभा_र

आणि त्यातल्या एखाद्या सकाळी तो आल्फ्रेडला फोन लावतो असंही दाखवता आलं असतं.

---

उंडगा

काकू, पूल तोडलेत, टॉवर कसले चालू असतील? पण चला, मी आज रात्री पुन्हा लावतो. इंटरव्हल स्वतःच टाकणार, मुखवटा फुटला की बंद. दुसरा भाग उद्या. सांगतो कसं वाटतं ते.